चिक चॉकलेट

चिक चॉकलेट (मूळ नाव: आंतोनियो झेवियर वाझ, १९१६ – मे १९६७) हे भारतीय ट्रम्पेटवादक, नृत्यवृंदाचे प्रमुख, वाद्यसंयोजक आणि हिंदी चित्रपटांचे संगीतकार होते. 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' हा त्यांचा वाद्यवृंद १९४० आणि १९५० च्या दशकांत मुंबईतील अग्रगण्य जॅझ वृंदांपैकी एक मानला जात असे. वादनशैली, घोगरा आवाज आणि रंगमंचावरील वावर यांमुळे त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी केलेले काम आजही रोज कुठे ना कुठे ऐकले जाते. मात्र ते ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक असते. मृत्यूनंतर सुमारे चार दशके ते आणि त्यांचा वृंद जवळजवळ विस्मृतीत गेले होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संशोधक व पत्रकारांनी मुंबईच्या जॅझ युगाचा मागोवा घेतला, तेव्हा हे नाव पुन्हा प्रकाशात आले.

सुरुवातीचे जीवन

आंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ मध्ये गोव्यातील बारदेश तालुक्यातील हळदोणे या गावी झाला. त्यावेळी गोवा पोर्तुगीज अंमलाखाली होता. गावच्या चर्चशी संलग्न असलेल्या शाळेत त्यांना पाश्चात्त्य संगीताचे प्राथमिक शिक्षण मिळाले. गोव्यातील या पॅरिश शाळांचे महत्त्व लक्षात घेतल्याशिवाय चिक चॉकलेट यांच्या पिढीचा उदय समजत नाही. चर्चमधील प्रार्थनेला गायक आणि व्हायोलिनवादक लागत, सणांच्या मिरवणुकांना फुंकवाद्ये वाजवणारे लागत. ही गरज भागवण्यासाठी प्रत्येक गावातील मुलांना 'मेस्त' म्हणजे संगीतशिक्षक सोल्फा, स्वरलिपीचे वाचन आणि एखादे वाद्य शिकवत असे. शेतीवर पोट भरणे कठीण असलेल्या कुटुंबांतील मुले ही विद्या घेऊन मुंबई, कलकत्ता, कराची, रंगून येथे जात. कागदावरची स्वरलिपी पाहताक्षणी वाजवता येणे हे त्यांचे भांडवल होते.

मुलाने वाद्य हाती धरण्याऐवजी यंत्रकाम शिकून स्थिर नोकरी धरावी, अशी आईची इच्छा होती, असे सांगितले जाते. 'चिक' या नावाचे मूळही आईकडेच नेले जाते. ती लाडाने त्यांना लहानगा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाने हाक मारी आणि त्याचेच पुढे 'चिक' झाले. 'चॉकलेट' हा जोड नंतरचा. त्या काळी अमेरिकन जॅझमधील कृष्णवर्णीय कलावंतांचा मुंबईत मोठा दबदबा होता. त्यामुळे असे टोपणनाव घेणे हे एका परंपरेशी नाते सांगणे होते आणि जाहिरातीच्या दृष्टीनेही ते सोयीचे होते.

मुंबईतील नृत्यवृंद

ही परंपरा मुंबईत थेट आलेली होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय वृंद ताजमहाल हॉटेलात वाजवण्यासाठी आला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी ताजच्या नृत्यदालनात काम केले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला स्थायिक झाले व १९४५ मध्ये तेथेच पटकीने मरण पावले. अमेरिकेत वर्णभेदामुळे ज्यांना अनेक दारे बंद होती, त्या वादकांना येथे मानाने वागवले जाई आणि पगारही चांगला मिळे. त्यांच्या वृंदांत जागा रिकामी झाली की ती गोव्याच्या वादकांना मिळू लागली. कागदावर लिहिलेले वाजवण्यात ही मंडळी तरबेज होती. जॅझला मात्र कागदाबाहेरचे, त्या क्षणी सुचलेले वाजवावे लागते आणि ती कला त्यांनी या अमेरिकनांच्या शेजारी बसून व आयात तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून आत्मसात केली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी वृंदांचे येणे थांबले आणि शहरात सैनिकांची गर्दी वाढली. हॉटेले, क्लब, जिमखाने यांना वाद्यवृंद हवेच होते. ही पोकळी गोवेकरांनी भरून काढली. १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजच्या वृंदाचे नेतृत्व करणारे मिकी कोरिया हे त्यांपैकी सर्वांत दीर्घकाळ टिकलेले नाव होय. धोबी तलाव परिसरातील गावोगावच्या 'कुडां'मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या वसतिगृहांमध्ये, हे वादक उतरत. कामाच्या बातम्या जवळपासच्या इराणी हॉटेलांत चहाबरोबर मिळत.

चिक चॉकलेट मुंबईत प्रथम 'स्पॉटलाइट्स' या वृंदातून लोकांसमोर आले. १९४५ च्या सुमारास त्यांनी 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' हा स्वतःचा वृंद उभारला. ताजच्याच मालकीच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलातील कामासाठी डझनभर वृंदांमध्ये चढाओढ झाली आणि ते काम त्यांच्या वृंदाने मिळवले. पुढे ताजमध्येही त्यांचा अकरा जणांचा वृंद वाजवू लागला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, डबल बेस आणि ड्रम अशी त्याची घडण होती.

आर्मस्ट्राँगचे अनुकरण हा त्यांच्या कार्यक्रमाचा उघड भाग होता. हातातील रुमालाने घाम टिपणे, घोगऱ्या आवाजात गाणे, ट्रम्पेट आकाशाकडे रोखून उंच स्वर लांबवणे हे सारे प्रेक्षकांना अपेक्षित असे. केवळ नक्कल म्हणून त्यांच्याकडे पाहणे मात्र अन्यायाचे होईल. हॉटेलच्या नृत्यदालनात एका रात्रीत फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुम्बा, सांबा आणि स्विंग हे सगळे वाजवावे लागे. नर्तकांची पावले चुकू न देता वृंदाला स्वतःचा रंग देणे हे नेत्याचे काम होते. लॅटिन अमेरिकन तालांवरची त्यांची पकड याच रोजच्या कामातून आली आणि चित्रपटांत तीच सर्वाधिक उपयोगी पडली.

सी. रामचंद्र यांच्याबरोबरचे काम

स्वातंत्र्यानंतर नृत्यदालनांचे अर्थकारण बदलले. युरोपीय ग्राहक कमी झाले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने रात्रीच्या करमणुकीलाच चाप बसला. वादकांना नवे काम शोधणे भाग पडले. त्याच सुमारास चित्रपटांतील वाद्यमेळ आकाराने वाढत होता आणि स्टुडिओंना स्वरलिपी वाचणारे वादक मोठ्या संख्येने हवे होते. दिवसा ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेल असा अनेक गोवेकरांचा दिनक्रम झाला.

चिक चॉकलेट यांची गाठ येथे सी. रामचंद्र यांच्याशी पडली. रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२) हे अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात ते शास्त्रीय संगीत शिकले होते. मराठी नाट्यपदे आणि भावगीतांचे संस्कार असलेल्या या संगीतकाराला पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे अतिशय आकर्षण होते. 'शहनाई' (१९४७) या चित्रपटातील गाण्यांनी ते आकर्षण प्रथम मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आले. काही समीक्षकांनी त्याला उथळ ठरवले, तरी तरुणांनी ती गाणी उचलून धरली.

संगीतकार आणि साहाय्यक यांच्यातील कामाची वाटणी साधारणपणे अशी असे. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधून गाऊन दाखवी. साहाय्यक ती स्वरलिपीत उतरवून घेई. मग गाण्याच्या आरंभीचे संगीत, दोन कडव्यांमधील वाद्यांचे तुकडे, गायकाच्या ओळीमागे चालणाऱ्या प्रतिधुनी, कोणत्या वाद्याने कुठे शिरायचे आणि कुठे थांबायचे हे ठरे. प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहिला जाई. हिंदुस्थानी संगीतात वाढलेल्या बहुतेक संगीतकारांना ही लिपी किंवा स्वरमेळाचे शास्त्र अवगत नव्हते. त्यामुळे तयार तबकडीवर जे ऐकू येते त्यातील नेमके किती संगीतकाराचे आणि किती साहाय्यकाचे, याचा हिशेब मांडणे अनेकदा अशक्य होते.

'समाधी' (१९५०) मधील 'गोरे गोरे' हे लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे गाणे एका लॅटिन नृत्यधुनीवर बेतलेले आहे. एडमुंडो रॉस यांच्या वृंदाने ती धून लोकप्रिय केली होती आणि नृत्यवृंदांच्या वादकांना ती पाठ होती. अशा धुनी हॉटेलांच्या रंगमंचावरून स्टुडिओत कशा पोहोचत, याचे हे ठळक उदाहरण होय.

या सहकार्याचा कळस म्हणजे 'अलबेला' (१९५१). भगवानदादा यांनी निर्मिती, दिग्दर्शन व भूमिका केलेला हा चित्रपट प्रचंड गाजला. 'शोला जो भडके' या गाण्यात बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांची जी गुंफण आहे, ती तोवर हिंदी चित्रपटात ऐकू आली नव्हती. चाल स्वतः साधी, गुणगुणता येण्याजोगी आहे, पण खालचा ताल कॅरिबियन बेटांकडचा. गाण्याच्या ओळी संपतात तिथे फुंकवाद्ये छोट्या, तुटक उत्तरांनी जागा भरतात. ही सवाल-जवाबाची रीत स्विंग वृंदांची आहे आणि नृत्यदालनात वर्षानुवर्षे वाजवलेल्या माणसालाच ती इतक्या सहजतेने सुचू शकते. 'अलबेला'तील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट आणि त्यांचे सहकारी झालरीच्या बाह्यांचे लॅटिन पद्धतीचे पोशाख घालून पडद्यावर प्रत्यक्ष वाजवताना दिसतात. हिंदी चित्रपटात एरवी पडद्यामागे राहणाऱ्या वादकांना असे समोर येण्याची संधी क्वचितच मिळत असे.

'अलबेला'च्या गाण्यांना वरातीच्या बँडने आपलेसे केले. महाराष्ट्रात गणपतीच्या मिरवणुकीपासून मराठवाड्यातील लग्नाच्या वरातीपर्यंत या चाली पितळी वाद्यांवर वाजत राहिल्या. ताजच्या नृत्यदालनातील ट्रम्पेटचे तुकडे अशा रीतीने कोणत्याही हॉटेलात कधी पाऊल न टाकलेल्या माणसांच्या पायांत शिरले.

सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात इतरही गोवेकर होते. 'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका' या गाण्याच्या शब्दांत कोकणी शब्द मिसळले ते साहाय्यक जॉन गोम्स यांच्यामुळे, असे सांगितले जाते. चिक चॉकलेट यांनी मदन मोहन यांच्याबरोबरही काम केले.

स्वतंत्र संगीतकार

स्वतःच्या नावावर त्यांनी मोजक्याच चित्रपटांना संगीत दिले. देव आनंद व मधुबाला यांच्या भूमिका असलेला 'नादान' (१९५१), त्यानंतर 'रंगीली' (१९५२) आणि निसार बझ्मी यांच्यासह केलेला 'कर भला' (१९५६) हे त्यांत येतात. यांपैकी एकाही चित्रपटाला 'अलबेला'सारखे यश लाभले नाही. वाद्यसंयोजक म्हणून अव्वल असलेल्या माणसाला चालकार म्हणून तेवढेच यश मिळेलच असे नाही. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड या त्यांच्या समकालीन गोमंतकीयांनाही हिंदी चित्रपटांत मुख्यतः साहाय्यक किंवा संयोजक म्हणूनच ओळख मिळाली. फर्नांड यांनी पुढे 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले आणि तेथे त्यांना आपल्या भाषेत काम करता आले. चिक चॉकलेट यांना तशी संधी मिळाली नाही.

श्रेयाचा प्रश्न

त्या काळच्या तबकड्यांवर श्रेय कसे छापले जाई, हे येथे पाहणे आवश्यक आहे. १९४९ च्या 'महल' चित्रपटाच्या तबकडीवर लता मंगेशकर यांच्या नावाऐवजी पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी'चे, नाव छापले गेले होते. गायकांनी आग्रह धरल्यानंतर त्यांची नावे येऊ लागली. वाद्यसंयोजक आणि वादक यांना तबकडीवर जागा कधीच मिळाली नाही. त्यांना त्या दिवसाचे मानधन मिळे आणि तेथे त्यांचा संबंध संपे. वर्षानुवर्षे विकल्या जाणाऱ्या तबकडीतून किंवा रेडिओवरील प्रसारणातून त्यांच्या वाट्याला काही येत नसे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत साहाय्यकाचे नाव असलेच तर ते काही क्षण झळकून जाई.

या अन्यायाची जाणीव झाल्यावर अलीकडे काही लेखनात उलटे टोक गाठलेले दिसते. त्या काळातील पाश्चात्त्य ढंगाची गाणी वस्तुतः गोव्याच्या वादकांचीच आणि संगीतकार केवळ नावाचे, असे सूचित केले जाते. सी. रामचंद्र यांच्या बाबतीत हे मत टिकत नाही. ज्यांनी 'अलबेला'नंतर दोनच वर्षांनी रागदारीच्या वळणाने जाणारा 'अनारकली' (१९५३) दिला आणि पुढे 'नवरंग' (१९५९) केला, त्यांची चालीवरील हुकमत वादातीत आहे. चिक चॉकलेट यांचे स्थान चालीच्या शेजारी आहे. त्या चालीला अंग, वेग आणि रंग देणारे ते होते, आणि ते काढून घेतल्यास 'शोला जो भडके' हे आज ओळखतो ते गाणे राहत नाही.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१९६० च्या दशकात अभिरुची पुन्हा बदलली. इलेक्ट्रिक गिटार घेतलेले चार-पाच जणांचे गट लोकप्रिय होऊ लागले आणि अकरा जणांचा वृंद हॉटेलांना परवडेनासा झाला. चिक चॉकलेट वाजवत राहिले. चेतन आनंद दिग्दर्शित 'आखरी खत' (१९६६) या चित्रपटात खय्याम यांनी संगीत दिलेल्या क्लबमधील गाण्यात ते ट्रम्पेट घेऊन पडद्यावर दिसतात. तेच गाणे गाणारे आणि पडद्यावर असलेले तरुण भूपिंदर सिंग यांची कारकीर्द तेव्हा नुकतीच सुरू होत होती. एकाच चौकटीत एक पिढी संपताना आणि दुसरी सुरू होताना दिसते, हे त्यावेळी कुणाच्या लक्षात आले असण्याचा संभव नाही. मे १९६७ मध्ये, वयाच्या सुमारे पन्नासाव्या वर्षी, चिक चॉकलेट यांचे निधन झाले.

विस्मरण आणि पुनर्शोध

त्यांच्या वृंदाच्या विस्मरणाची कारणे साधी आहेत. हॉटेलातील वादन ध्वनिमुद्रित होत नसे. ज्या थोड्या ७८ गतीच्या तबकड्या निघाल्या, त्यांच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे. लाखेपासून केलेल्या त्या तबकड्या सहज फुटत. इंग्रजी गाण्यांचे देशी वृंदांनी केलेले वादन जपून ठेवावे असे संग्राहकांना वाटत नव्हते, कारण मूळ अमेरिकन तबकड्या अधिक अस्सल मानल्या जात. शास्त्रीय संगीत आणि नाट्यसंगीताच्या तबकड्यांना जसे जाणकार वारस लाभले, तसे या संगीताला लाभले नाहीत. भारतीय संगीताच्या इतिहासकारांना ते परके वाटले, जॅझच्या इतिहासकारांना दुय्यम.

पहिले पाऊल परदेशात पडले. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील हार्लेक्विन कंपनीने १९२६ ते १९४४ या काळातील भारतात मुद्रित झालेल्या जॅझ व नृत्यसंगीताचा संग्रह प्रसिद्ध केला. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेमुळे जुन्या तबकड्या जपण्याच्या कामाला शिस्त आली, जरी तिचा भर मुख्यतः भारतीय संगीतावर राहिला. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी गोव्याच्या वादकांवर लेखन केले आणि त्यातूनच पुढे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हा मुंबईच्या जॅझ युगावरील ग्रंथ सिद्ध झाला. ग्रंथासोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची तबकडीही देण्यात आली होती. त्याआधी २००८ मध्ये ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' प्रसिद्ध झाले. मुंबईच्या स्टुडिओंतील वादकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या या ग्रंथामुळे चित्रपटसंगीतामागील माणसे प्रथमच अभ्यासाचा विषय झाली. छापील साधने अपुरी असल्याने या संशोधनाचा मोठा आधार वयोवृद्ध वादकांच्या आठवणी आणि कुटुंबांनी जपलेली छायाचित्रे व कात्रणे हा होता. काही वर्षे उशीर झाला असता तर त्यांतील बरेचसे हाती लागले नसते.

लोकप्रिय संस्कृतीतही या पिढीच्या खुणा आहेत. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील प्रसिद्ध गाण्यात येणारे अँथनी गोन्साल्विस हे नाव संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिन गुरूंच्या आदराखातर सुचवले होते. गाणे घरोघरी पोहोचले, परंतु ते नाव एका हयात वादकाचे आहे हे बहुतेकांना दीर्घकाळ ठाऊक नव्हते. बारद्रॉय बार्रेटो यांच्या 'नाचुंया कुंपासार' या कोकणी चित्रपटाने गोव्याच्या वादकांची कहाणी नव्या प्रेक्षकांपुढे आणली. अनुराग कश्यप यांच्या 'बॉम्बे वेल्वेट' (२०१५) मध्ये मुंबईतील जॅझ क्लबांचे वातावरण उभे केले आहे.

चिक चॉकलेट यांच्यानंतर आलेल्या गिटार गटांच्या वाट्यालाही असेच विस्मरण आले. १९७० आणि १९७१ मध्ये सिमला बीट या स्पर्धेतील निवडक गटांच्या तबकड्या निघाल्या आणि लवकरच विसरल्या गेल्या. 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या मुंबईतील गटाच्या एकमेव तबकडीचे अमेरिकेत पुनर्मुद्रण होण्यास काही दशके जावी लागली. या गटाशी संबंधित गायक नंदू भेंडे हे मराठी रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेते आत्माराम भेंडे यांचे पुत्र, आणि मराठी प्रेक्षक त्यांना 'तीन पैशाचा तमाशा'मुळे ओळखत, रॉक गायक म्हणून क्वचितच. अमेरिकेतही मेम्फिस येथील 'बिग स्टार' या पॉवर पॉप गटाची १९७२ मधील पहिली तबकडी सदोष वितरणामुळे दुकानांत फारशी पोहोचली नाही आणि पुढच्या पिढीतील गटांनी तिचे ऋण जाहीरपणे मान्य केल्यावर ती नव्याने ऐकली गेली. 'बिग स्टार'च्या श्रोत्यांना निदान तबकडीवर गटाचे नाव सापडत होते. म्युझिक मेकर्सच्या बहुतांश कामाच्या बाबतीत तीही सोय नाही. त्यामुळे अभ्यासकांना आजही चित्रपटांच्या गाण्यांतील ट्रम्पेटचे तुकडे कानाने ओळखून, श्रेयनामावल्या आणि पडद्यावरील चेहरे ताडून पाहत त्यांच्या कामाची यादी तयार करावी लागते.